लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट : मराठी गद्याचा उगम

परमार्गातील साधकाच्या नित्य आचारात स्मरणाला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही विधीहून न्यून नाही. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा या चहूंचे स्मरण करीत काळ कंठावा, ही आपल्या आचारधर्माची शिकवण होय. यांपैकी नाम जिभेवर ठेवता येते. परंतु लीळा स्मरावयाची तर ती प्रथम कोणीतरी पाहिलेली, कोणीतरी जतन केलेली आणि यथातथ्य सांगितलेली असावी लागते. आज सातशे वर्षांनंतर आपण सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा स्मरतो, त्या ज्या पुरुषाच्या कष्टामुळे आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या पंडित म्हाइंभटांचे चरित्र प्रस्तुत लेखात यथामती मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखास एक निमित्त घडले, ते आधी सांगणे अवश्य आहे. सध्या आमचा मुक्काम श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी या गावी आहे. काष्टी हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना तेथील जनावरांच्या आठवडी बाजारामुळे ठाऊक आहे. येथील वासनिक मंडळींपुढे लीळानिरूपण चालू असता एका लीळेत दोन वासना, म्हणजे एकाच प्रसंगाची दोन भिन्न कथने आली. श्रोत्यांचा रसभंग होऊ नये म्हणून आम्ही एकच वासना सांगितली आणि दुसरी सोडून पुढे गेलो. निरूपण संपल्यावर एका वृद्ध वासनिक आजींनी दंडवत करून विचारले की, बाबा, दुसरी वासना का सांगितली नाही? त्यांना ती लीळा दोन्ही वासनांसह मुखोद्गत होती. आम्ही रसभंगाचे कारण पुढे केले. परंतु ते त्यांच्या मनास पटले नाही आणि खरे पाहता आमच्याही मनास पटले नाही. त्या रात्री म्हाइंभटांचे चरित्र नव्याने मनात उभे राहिले. जे त्यांनी कष्टाने राखले, ते आम्ही सोयीसाठी गाळले, ही बोचणी या लेखाच्या मुळाशी आहे.

म्हाइंभट हे याच जिल्ह्याचे. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यातील सराळे हे त्यांचे गाव. त्यांचा काळ देवगिरीच्या यादवांचा. महादेवराय यादव याने इ. स. १२६१ पासून सुमारे दहा वर्षे राज्य केले आणि त्यानंतर १२७१ मध्ये रामदेवराय सिंहासनावर आला. हा काळ विद्येच्या दृष्टीने समृद्ध होता; परंतु ती समृद्धी संस्कृताची होती. राजदरबारी मान होता तो धर्मशास्त्र, व्याकरण, न्याय आणि मीमांसा जाणणाऱ्या पंडितांना. महादेवराय आणि रामदेवराय या दोघांच्याही दरबारी असलेल्या हेमाद्री पंडिताचा चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ त्याच काळातला आणि तोही संस्कृतातला. मराठी ही बाजाराची, शेताची आणि स्वयंपाकघराची भाषा होती. शिलालेखांत आणि ताम्रपटांत ती उमटू लागली होती. कोकणातील अक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा वाचला गेला आहे. परंतु दानपत्राच्या शेवटी चार मराठी ओळी येणे वेगळे आणि एका महापुरुषाचे समग्र चरित्र त्या भाषेत लिहिले जाणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीची कल्पनाही त्या वेळच्या विद्वानाने केली नसती.

म्हाइंभट हे अशाच विद्वानांपैकी एक होते. गणपती आपयो या व्युत्पन्न पंडितांजवळ त्यांनी शास्त्राध्ययन केले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. प्रभाकर मीमांसेच्या अध्ययनासाठी ते तेलंग देशापर्यंत गेले. प्रवासाची साधने नसलेल्या त्या काळात केवळ एका दर्शनाच्या अभ्यासासाठी परप्रांतात जाणे, यावरून त्यांची जिज्ञासा किती तीव्र होती ते ध्यानात येते. परंतु विद्येबरोबर विद्येचा अभिमानही वाढला. दिवसा दिवटी पाजळून आणि पायात गवताचा तोडर बांधून ते हिंडत असत, असे परंपरेने सांगितले आहे. जग अज्ञानाच्या अंधारात आहे म्हणून दिवसाही दिवटी. आणि प्रतिपक्षी तृणवत आहेत म्हणून पायात तृण. वादात आपणांस जिंकील असा कोणी उरला नाही, ही त्यांची धारणा होती.

हे वर्णन ऐकून आपण हसतो. परंतु साधकाने येथे थोडे थांबावे. दिवटी आणि तोडर ही चिन्हे म्हाइंभटांनी उघडपणे धारण केली होती. आपणांपैकी अनेकांजवळ ती अदृश्य स्वरूपात असतात. चार सूत्रे पाठ झाली, दोन प्रकरणे लावता आली की मनात एक लहानशी दिवटी पेटते. म्हणून म्हाइंभटांच्या पूर्वायुष्याकडे दुसऱ्याचा दोष म्हणून पाहू नये.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी त्या वेळी गोदावरीच्या तीरावर डोमेग्राम येथे वास्तव्य करीत होते. डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर. काष्टीहून जाणाऱ्या दौंड–मनमाड लोहमार्गाने नगर आणि राहुरी ओलांडून श्रीरामपुराच्या बेलापूर स्थानकास उतरावे आणि तेथून गोदेकडे जावे, म्हणजे हे स्थान येते. पंथीयांच्या दृष्टीने ते परम वंदनीय आहे. स्वामींची कीर्ती कानी आल्यावर म्हाइंभट तेथे गेले, ते शरण जाण्यासाठी नव्हे. शास्त्रचर्चा करण्यासाठी गेले. परंतु त्या सान्निध्यात त्यांच्या विद्येची परीक्षा निराळ्याच कसोटीवर झाली. ग्रंथांनी जे सांगितले ते त्यांना उत्तम ठाऊक होते; परंतु जे ठाऊक आहे त्याची आर्ती आपल्या अंतःकरणात आहे काय, या प्रश्नापुढे प्रभाकराची मीमांसा कामास आली नाही. वादासाठी आलेला पंडित श्रोता होऊन बसला. पुढे अनेकवार येऊन त्यांनी स्वामींच्या सन्निधानाचा लाभ घेतला आणि ज्ञान श्रवण केले.

तथापि, स्वामी विद्यमान असता म्हाइंभटांचे अनुसरण घडले नाही. संसार, वैभव आणि प्रतिष्ठा यांचे पाश एका दिवसात तुटले नाहीत. शके ११९४ मध्ये, काही अभ्यासकांच्या गणनेने त्यानंतर दोन वर्षांनी, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांच्या सन्निधानात बसून ज्ञान ऐकले, ते आता दिसणार नव्हते. भक्तजन विरहाने व्याकुळ होऊन आचार्य श्रीनागदेवांसह ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेले. म्हाइंभटही कालांतराने तेथे पोहोचले आणि भटोबासांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले. ज्याने तेलंग देशापर्यंत जाऊन विद्या मिळविली, तो आता श्रीप्रभूंच्या सेवेत साधे काम मिळावे म्हणून तिष्ठत राहू लागला.

येथून म्हाइंभटांच्या चरित्राचा खरा भाग सुरू होतो. ऋद्धिपुरी भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे मनन करीत असत. हे मनन म्हाइंभटांच्या ध्यानात आले. स्वामींचे बोल आणि त्यांच्या क्रिया ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या, त्या भक्तांची ती पिढी वृद्ध होत चालली होती. प्रत्येकाच्या अंतःकरणात लीळांचे भांडार होते. परंतु तो देह पडला की ते भांडारही जाणार होते. भटोबास स्मरत होते ते स्वतःसाठी. मात्र पुढे येणाऱ्यांनी काय स्मरावे, हा प्रश्न म्हाइंभटांना पडला. त्यांनी आचार्यांना प्रार्थना केली की, आपण सांगावे आणि मी लिहावे. ऋद्धिपुरातील वाजेश्वरी येथे सहा मास हे कार्य चालले. आचार्य सांगत गेले आणि म्हाइंभट लिहीत गेले.

सहा मासांनंतर त्यांच्या हाती आचार्यांनी सांगितलेल्या लीळा होत्या. दुसरा कोणी असता तर त्याने ग्रंथ पूर्ण झाला असे मानले असते. आचार्यांच्या वचनाहून मोठे प्रमाण पंथात दुसरे कोणते? परंतु भटोबास स्वामींच्या सन्निधानी आले ते पुढच्या काळात. त्यापूर्वीच्या लीळा इतरांनी पाहिल्या होत्या. आणि भटोबास सन्निध असतानाही प्रत्येक क्षणी तेच जवळ होते असे नव्हे. म्हणून ज्या भक्ताने जी लीळा पाहिली, ती त्याच्याच मुखातून ऐकावी, असा निश्चय झाला. म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यांना स्वामींचे सन्निधान घडले होते, अशांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी गाठून त्यांनी विचारले; ऐकले; पूर्वी लिहिलेल्याशी ताडून पाहिले. त्या सांगणाऱ्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या, विद्वान होते तसे निरक्षरही होते. पूर्वी प्रतिपक्षाचा शोध घेत गावोगाव हिंडलेला हा पंडित आता एखाद्या साध्या बाईने काय पाहिले, हे जाणण्यासाठी तिच्या ओसरीवर बसत होता. पायात गवताचा तोडर बांधून चाललेली वाट आणि ही वाट, दोन्ही त्याच पायांनी चालल्या. त्या पायांमागील मन मात्र पालटले होते.

या शोधातून जो ग्रंथ सिद्ध झाला तो लीळाचरित्र. त्याचा रचनाकाळ सामान्यतः शके १२०० नंतरच्या दशकात, म्हणजे इ. स. १२७८ नंतरच्या आठ-दहा वर्षांत धरला जातो. ग्रंथाचे तीन भाग आहेत. स्वामींनी एकाकी परिभ्रमण केले त्या काळाच्या लीळा एकांकात आल्या आहेत. पैठणच्या संन्यासानंतरच्या काळाच्या लीळा पूर्वार्धात आणि भटोबासांच्या अनुसरणानंतरच्या उत्तरार्धात. ही विभागणी केवळ सोयीची नाही. एकांकातील काळाला स्वामींवाचून दुसरा साक्षी नव्हता. स्वामींनी प्रसंगोपात्त भक्तांना जे सांगितले, तेवढेच त्या काळाविषयीचे प्रमाण. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांना पाहणाऱ्यांची साक्ष आहे. ऐकीव आणि पाहिलेले हे एकमेकांत मिसळले नाही, याचे कारण चरित्रकाराची सावध दृष्टी होय. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांचा ऋद्धिपुरचरित्र हा ग्रंथही म्हाइंभटांनीच सिद्ध केला. त्यात सुमारे सव्वातीनशे लीळा आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच प्रसंगाविषयी दोन भक्तांनी दोन प्रकारे सांगितले तर काय करावे? एकाने म्हटले की स्वामी पूर्वेकडील दारवठ्याने निघाले. दुसऱ्याने म्हटले की उत्तरेकडील. चरित्र रसाळ करावयाचे तर एक निवडून दुसरे सोडून द्यावे. पांडित्य दाखवावयाचे तर दोहोंचा युक्तीने मेळ घालावा. आणि मीमांसेचे अध्ययन केलेल्या पुरुषाला असा मेळ घालणे मुळीच कठीण नव्हते. परंतु लीळाचरित्राच्या पाठात असे भिन्न कथन वासना म्हणून जतन केलेले आढळते आणि जेथे चौकशी करून काही निश्चित झाले तेथे शोध म्हणून नोंद येते. जे कळले ते कळल्याप्रमाणे ठेवले. जे दोन प्रकारे कळले ते दोन प्रकारे ठेवले. आपली बुद्धी साक्षीदाराच्या जागी बसविली नाही. विद्येचा अभिमान गेल्याची याहून मोठी खूण कोणती असू शकेल? डोमेग्रामी जो अभिमान गळाला, तो खरोखरच गळाला होता, याचे प्रमाण या ग्रंथाच्या पानापानावर आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात लेखक स्वतः जवळजवळ दिसत नाही. जेथे त्याचे स्वतःचे नाव येते, तेथेही ते इतर भक्तांप्रमाणे येते, आणि स्वतःच्या अभिमानाची कथा त्याने झाकलेली नाही.

भाषेचा प्रश्न यास जोडूनच येतो. स्वामींचा अवतार गुजरातेतील भरवस, म्हणजे आजचे भडोच, येथला; परंतु त्यांनी निरूपण केले ते मराठीत, आणि शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याची आज्ञा केली. स्मृतिस्थळ या भटोबासांच्या स्मृतिग्रंथातून आपणांस ठाऊक आहे की, केशोबासांसारखे विद्वान संस्कृतात लिहू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. तसे केल्याने आपल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानापासून वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. म्हाइंभटांनी मराठी स्वीकारली, तिच्या मुळाशी हीच दृष्टी आहे. आणि आणखी एक कारणही आहे. साक्षीदाराने जे मराठीत सांगितले ते संस्कृतात उतरविले की साक्ष पालटते. स्वामींच्या मुखातील शब्दाच्या जागी पंडिताचा शब्द येतो. म्हणून यथातथ्य लिहावयाचे तर बोलले गेले त्याच भाषेत लिहिणे प्राप्त होते. अशा रीतीने मराठी भाषेतील पहिले मोठे गद्य निर्माण झाले. भाषेचा गौरव वाढवावा हा त्यामागील हेतू नव्हता. सत्य जसेच्या तसे राहावे, एवढाच हेतू होता, आणि भाषेचा गौरव त्यातून आपोआप झाला. याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एका पिढीत, एका परिसरात मराठीचे गद्य आणि पद्य दोन्ही प्रौढ झाले, ही गोष्ट या भूमीच्या रहिवाशांनी विसरू नये.

म्हाइंभटांची वाक्ये लहान आहेत. स्थळ कोणते, वेळ कोणती, जवळ कोण होते, काय घडले, स्वामी काय म्हणाले, एवढे सांगून ते थांबतात. उपमा आणि दृष्टांत येतात ते स्वामींच्या निरूपणात. चरित्रकार आपल्या पदरचे अलंकार घालीत नाही. या संयमामुळे एक अनपेक्षित लाभ झाला. तेराव्या शतकातील महाराष्ट्राचे सारे लोकजीवन या लीळांत सुरक्षित राहिले. देवळाची जगती, आवार, पटिशाळ, चौक, दारवठा. घरातील पक्वान्ने आणि वस्त्रे. दाम आणि आसू ही नाणी. तेली, माळी, गुरव यांचे व्यवहार. हे सर्व चरित्रकाराने मुद्दाम वर्णिलेले नाही. लीळा तेथे घडली म्हणून ते आले. आजची पडसाळ ही तेव्हाची पटिशाळ. आवार हा शब्द तर जसाच्या तसा आपल्या बोलण्यात आहे. काष्टीच्या बाजारात दोन शेतकरी बैलाचा सौदा करताना जी तुटक, नेमकी, अर्थाला भिडणारी वाक्ये बोलतात, ती ऐकताना आम्हांस अनेकदा लीळांच्या भाषेची आठवण होते. बोलण्याची ती रीत ग्रंथात प्रथम आणली ती म्हाइंभटांनी.

स्थळांचेही तसेच. स्वामींच्या परिभ्रमणात पैठण, वेरूळ, लोणार, बेलापूर, नेवासे अशी कितीतरी स्थाने येतात. वेरूळच्या लेण्यांत स्वामींचे दहा मास वास्तव्य घडले. आज देशविदेशचे प्रवासी ती लेणी शिल्प म्हणून पाहतात. परंतु यादवकाळी ती वापरती होती आणि त्यांत माणसे राहत होती, हे लीळांवरून कळते. या स्थाननिर्देशांच्या आधारावर चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी प्रत्यक्ष हिंडून स्थानपोथी सिद्ध केली. कोणते देऊळ पूर्वाभिमुख, कोणत्या दारवठ्यातून निघाले असता उजवीकडे काय लागते, असे बारकावे तिच्यात आहेत. नमस्कार योग्य स्थळी व्हावा, एवढ्याच तळमळीने ती लिहिली गेली. तथापि इतिहासाच्या अभ्यासकांनाही यादवकालीन गावांची रचना समजण्यास तिच्याएवढे साधन दुर्मीळ आहे. लीळेत स्थळ नेमके नसते, तर स्थानपोथी निर्माण होऊ शकली नसती.

शास्त्राच्या दृष्टीने या ग्रंथाची योग्यता याहूनही मोठी आहे. स्वामींची वचने वेगळी काढून केशोबासांनी सूत्रपाठाची योजना केली आणि दृष्टांत वेगळे काढून ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. या दोहोंचे उगमस्थान लीळाच होत. सूत्र हे अत्यंत संक्षिप्त असते. ते कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या प्रश्नावर निरूपिले गेले हे ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ लावणारा आपल्या मतीप्रमाणे वाहवत जातो. म्हणूनच पूर्वसूरींनी प्रकरणवश रचले. या त्रैमासिकाच्या वाचकांना भाष्यग्रंथांचा परिचय आहे. सूत्रावर वाद उपस्थित झाला की अखेर त्याचा निर्णय प्रकरणाने होतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले असेल. प्रकरण म्हणजे लीळा, आणि लीळा म्हणजे म्हाइंभटांची पायपीट. ती पायपीट झाली नसती, तर आपले सारे भाष्य आधाराविना उरले असते.

आता या ग्रंथावर ओढवलेला प्रसंग सांगितला पाहिजे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत स्वाऱ्या होत राहिल्या आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य पूर्णपणे बुडाले. त्या धामधुमीत पंथीय मंडळींना कोकणाकडे जावे लागले. वाटेत पोथ्या लुटल्या गेल्या आणि त्यांत लीळाचरित्राची मूळ पोथीही गेली. सहा मासांचे लेखन आणि गावोगावचा शोध एका धाडीत नाहीसा झाला.

अशा वेळी ग्रंथ वाचला तो स्मरणामुळे. ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. हिराइसांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी नावे आजही पोथ्यांतून दिसतात. येथेही म्हाइंभटांनी घालून दिलेली रीतच उपयोगी पडली. निरनिराळे पाठ एकत्र आले, तेव्हा एक राखून बाकीचे बुडविले गेले नाहीत. ज्याचा पाठ त्याच्या नावे नोंदला गेला. पुढे पोथ्या अनधिकारी हाती पडू नयेत आणि पाठ विटाळू नये म्हणून त्या सांकेतिक लिपीत लिहिण्याचा प्रघात पडला. रवळोबासांनी योजिलेली सकळ लिपी ही त्यांतील प्रमुख होय. अनेक शतके हे धन मठांत बंदिस्त राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पंथातील महंतांनीही अभ्यासकांना पोथ्या दाखविल्या. १९३६ पासून हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र भागशः छापून प्रसिद्ध केले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी त्याची संपादने सिद्ध केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मराठी भाषेचे विद्यापीठ ऋद्धिपुरी स्थापन झाले आहे. ज्या गावी एक संन्यासी आचार्यांपुढे लेखणी घेऊन बसला, तेथेच हे व्हावे, यात औचित्य आहे.

परंतु या गौरवाने आपण सुखावून बसू नये. छापील ग्रंथ घरोघर आला, त्याबरोबर एक नवे संकटही आले आहे. वाचणाऱ्याला सुबोध वाटावे म्हणून लीळा आजच्या भाषेत सांगितल्या जातात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आजच्या बायाबापड्या वंचित होतील. मात्र सुबोध करता करता वासना गाळल्या जातात, स्थळे सोडली जातात, कोणी सांगितले ते निघून जाते आणि उरते ती एक गोड गोष्ट. गोष्ट ऐकून श्रोता प्रसन्न होतो. परंतु ती साक्ष राहत नाही. कोकणाच्या वाटेवर पोथी लुटली गेली, ती परक्यांकडून. आपण वासना गाळतो तेव्हा तेच काम आपल्या हातून होते, आणि तेही श्रोत्यांच्या प्रीतीसाठी. जुन्या पोथ्या ज्यांच्या घरी वा मठात आहेत, त्यांनी त्यांस कसर लागू देऊ नये. स्थानांच्या परिसरात राहणाऱ्यांनी देवळांची जुनी आवारे आणि ओटे नव्या बांधकामाखाली दडपू देऊ नयेत. आणि निरूपण करणाऱ्यांनी दोन वासना असतील तेथे दोन्ही सांगाव्यात. ही तिन्ही कामे लहान दिसतात. परंतु म्हाइंभटांचे काम त्या काळी याहून मोठे दिसत नव्हते.

त्या निरूपणानंतर दुसऱ्या दिवशी काष्टीच्या मंडळींपुढे तीच लीळा पुन्हा काढली आणि दोन्ही वासना सांगितल्या. आदल्या दिवशी एक का सोडली, तेही सांगितले. रसभंग झाला नाही. उलट दोन भक्तांनी एकच क्षण दोन बाजूंनी पाहिला होता, हे लक्षात येताच श्रोते अधिक एकाग्र झाले, कारण तो प्रसंग खरोखर घडला होता, याची त्यांना खूण पटली. त्या आजी पुढेच बसल्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही. आचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांची चिंता केली आणि म्हाइंभटांनी ज्यांच्यासाठी आपली विद्या बाजूस ठेवून मराठीची लेखणी हाती घेतली, त्यांच्यापैकीच त्या एक. आणि सातशे वर्षांनंतर निरूपणकाराची चूक दाखविण्याइतका पाठ त्यांच्याजवळ शुद्ध आहे. म्हाइंभटांच्या श्रमाचे फळ याहून वेगळे काय मागावे?

पंडित म्हाइंभटांच्या स्मृतीस आणि सर्व लीळास्मरण करणाऱ्या साधकांस दंडवत प्रणाम.